चुलत भाषा

दोन भाषांमधले साम्य शिकणाऱ्यास जितके उपकारक, तितकेच ते फसवेही असते, ही गोष्ट बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलेल्या महाराष्ट्रीय कुटुंबांस निराळी सांगावयास नको. पुण्याकडील मुलगी सून म्हणून इंदुरास जाते. लिपी तीच, निम्मे शब्द तेच, व्याकरणही फारसे परके नाही. तेव्हा हिंदी आपणांस येतेच, असा तिचा समज असतो. मग एके दिवशी शेजारीण मोठ्या अभिमानाने सांगते की, आम्ही मुलांच्या ‘शिक्षे’त काही कमी पडू दिले नाही, आणि ही बिचारी त्या मुलांकडे कणवेने पाहू लागते! ‘चेष्टा’ म्हणजे तिकडे प्रयत्न आणि ‘संसार’ म्हणजे अवघे जग, हे कळेपर्यंत तिचे वर्ष निघून जाते. तीच मुलगी चेन्नईस गेली असती, तर तिची अडचण मोठी झाली असती. पण ती अशी नव्हे. तेथे जवळजवळ प्रत्येक शब्दापाशी ती थबकली असती, विचारून घेती, आणि मगच पुढे जाती.

आज आम्हांस लिहावयाचे आहे ते मात्र मनुष्यांच्या भाषांविषयी नव्हे, तर संगणकास आज्ञा देण्याच्या भाषांविषयी. हा विषय कुटुंबाच्या मासिकात कशास, असे आमच्या काही वृद्ध वाचकांस वाटेल. परंतु आज आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या घरी एखादा मुलगा, मुलगी, सून अथवा जावई याच विद्येवर पोट भरीत आहे किंवा भरू पाहत आहे. महाविद्यालयात एक भाषा शिकविली जाते आणि कचेरीत गेल्यावर दुसरीच पुढ्यात येते. तेव्हा घरातील वडील मंडळी धीर देतात: “एक येते ना? मग दुसरी म्हणजे काय, त्याचीच चुलत बहीण!” या वाक्यात तथ्य आहे, आणि जे अर्धे तथ्य आहे, त्यापायी गेल्या माघात आमच्या घराण्यात एक प्रसंग ओढवला. तो सांगितल्यावाचून पुढील विवेचन करणे आम्हांस अवघड जाईल.

रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या मूळ गावी घराण्याच्या गणपतीचे लहानसे देऊळ आहे. माघी चतुर्थीचा उत्सव पाच घरांनी पाळीपाळीने करावयाचा, असा पूर्वापार ठराव आहे. थोरले घर, मधले घर, बंदरावरचे घर, वरचे घर आणि धाकटे घर, असा तो क्रम. आम्ही थोरल्या घरचे. २००० सालापासूनची नोंद व्यवस्थित छापील वहीत आहे. त्यापूर्वीच्या वहीची बरीच पाने वाळवीने खाल्ली. घराण्याचा इतिहास छापावयाचा आणि त्यात कोणत्या वर्षी कोणत्या घराने उत्सव केला ती यादी द्यावयाची, असे ठरले. माघ शुद्ध चतुर्थी जानेवारी-फेब्रुवारीतच येत असल्यामुळे इंग्रजी सालावर पाळी मोजण्यास हरकत नव्हती. आमची पुतणी महाविद्यालयात पायथॉन नावाची भाषा शिकलेली. तिने हे काम आनंदाने अंगावर घेतले.

तिची रीत साधी होती. २००० साली थोरल्या घराची पाळी होती. हव्या त्या सालातून २००० वजा करावे, येईल त्या संख्येस पाचाने भागावे आणि बाकी पाहावी. बाकी शून्य तर थोरले घर, एक तर मधले, दोन तर बंदरावरचे, याप्रमाणे. पायथॉनमध्ये तिने हे लिहिले, १९६५ पासूनची सारी साले तपासली, आणि जेवढी जुनी पाने वाचता येत होती त्यांच्याशी यादी तंतोतंत जुळली. पुढे मंडळींची इच्छा पडली की, ही यादी ज्याला त्याला आपापल्या मोबाइलवर पाहता यावी. मोबाइलवरील ब्राउझरास स्वभावतः समजते ती जावास्क्रिप्ट नावाची भाषा. पुतणीने चार दिवसांत ती ‘शिकून’ सारे काम तीत उतरविले. २०००, २०१०, २०२४ ही साले घालून पाहिली. उत्तरे बरोबर आली. पायथॉन शिकण्यास तिला महाविद्यालयाचे एक संपूर्ण सत्र लागले होते. येथे चार दिवस पुरले. तिला आनंद झाला, आणि आम्हांस कौतुक वाटले, हे कबूल केले पाहिजे.

उत्सवाच्या आदल्या संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर पाचही घरची मंडळी जमली असता बंदरावरच्या घरच्या काकूंनी तिला जवळ बोलावले. काकूंचे वय चौऱ्याऐंशी. त्यांच्या यजमानांनी १९८७ साली उत्सव केला, तो त्यांच्या हातचा अखेरचा. पुढली पाळी येण्यापूर्वीच ते गेले. काकू म्हणाल्या, “सत्त्याऐंशी साल काढ ग बाळ.” तिने काढले. घराच्या नावाच्या जागी एक इंग्रजी शब्द उमटला: ‘अनडिफाइन्ड’. काकूंनी विचारले, “याचा अर्थ काय?” पोर गोंधळली, म्हणाली, “म्हणजे... ठरलेले नाही, आजी.” काकूंनी चष्मा काढून केरसुणीच्या काडीसारखी ती बारीक अक्षरे पुन्हा पाहिली आणि काही न बोलता मोबाइल परत दिला.

एवढ्यावर निभावते तर बरे होते. मधल्या घरच्या अण्णांनी आपल्या मोबाइलवर सबंध यादी उघडली. २००० पासून पुढे पाचही घरे सुरळीत होती. मागे पाहावे तर १९९५ थोरले घर, १९९० थोरले घर, १९८५ थोरले घर, आणि मधली सारी साले ‘अनडिफाइन्ड’! देवळामागच्या जागेवरून थोरल्या आणि मधल्या घरांत पूर्वी काय झाले, ते येथे सांगण्याचे कारण नाही. अण्णांना त्याचा विसर पडलेला नाही एवढे सांगितले म्हणजे पुरे. ते इतकेच म्हणाले, “यंत्रसुद्धा थोरल्या घराचेच दिसते.” कोणी हसले नाही.

त्या रात्री माडीवर आम्ही पुतणीजवळ बसलो होतो. ती रडवेली होऊन पुन्हापुन्हा म्हणत होती, “काका, अक्षर न्‌ अक्षर तेच आहे हो. तेच चिन्ह, तोच हिशेब. पायथॉनमध्ये बरोबर येते आणि इथे येत नाही.” अक्षर न्‌ अक्षर तेच होते, हे खरे. दोष त्यातच होता.

१९८७ मधून २००० वजा केले म्हणजे वजा तेरा उरतात. वजा तेरास पाचाने भागून बाकी किती? शाळेत हा प्रश्न आपणांस कोणी विचारीत नाही, म्हणून त्याची दोन उत्तरे संभवतात हेही ठाऊक नसते. पाच गुणिले वजा दोन म्हणजे वजा दहा. तेथून वजा तेरापर्यंत जाण्यास आणखी वजा तीन लागतात. म्हणून बाकी वजा तीन. किंवा, पाच गुणिले वजा तीन म्हणजे वजा पंधरा. तेथून वजा तेरापर्यंत चढण्यास दोन लागतात. म्हणून बाकी दोन. दोन्ही रीतींत भाजक गुणिले भागाकार अधिक बाकी बरोबर मूळ संख्या, हा नियम पाळला जातो. दोन्ही शुद्ध आहेत. पायथॉन दुसरी रीत घेते, जावास्क्रिप्ट पहिली. आणि दोघींकडे त्यासाठी चिन्ह एकच, शेकडेवारीचे.

पाळी, वार, तिथी असे जे जे फिरून फिरून येणारे आहे, त्यास दुसरीच रीत उपयोगाची. आमचे पंचांगकर्ते अहर्गणास साताने भागून बाकीवरून वार काढतात. आरंभाच्या दिवसाच्या मागे जावयाचे झाले तरी वारांचे चक्र उलटे फिरून सातांपैकी कोणत्या तरी वारावरच थांबले पाहिजे. ‘वजा तीन’ नावाचा वार नाही. पायथॉनचे कर्ते गिडो व्हान रॉसम हे डच गृहस्थ. त्यांनी १९८९ च्या डिसेंबरात अ‍ॅम्स्टरडॅम येथे ही भाषा रचण्यास आरंभ केला आणि १९९१ साली ती प्रसिद्ध केली. भागाकाराची ही रीत का स्वीकारली, याचे कारण त्यांनी २०१० साली स्वतःच लिहून ठेवले आहे. संगणकावर काल मोजावयाचा तो बहुधा १९७० च्या १ जानेवारीपासून सेकंदांत. त्यापूर्वीचे क्षण अर्थातच ऋण. दिवसाचे सेकंद ८६,४००. कोणत्याही क्षणास या संख्येने भागून उरलेल्या बाकीवरून दिवसाची वेळ काढता यावी, मग तो क्षण १९७० च्या अलीकडला असो वा पलीकडला, तर बाकी ऋण असून भागणार नाही. आमच्या पुतणीचा प्रश्न तोच होता. केवळ १९७० च्या जागी २००० आणि सेकंदांच्या जागी घरे.

जावास्क्रिप्टचे कुळ निराळे. ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप या कंपनीत १९९५ च्या मे महिन्यात अवघ्या दहा दिवसांत तिचा पहिला आराखडा उभा केला, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. तिचा बाह्य पेहराव जावाच्या वळणाचा, आणि जावाचा सी या भाषेच्या वळणाचा. सी ही डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत घडविलेली. ऋण संख्येच्या बाकीविषयी सीचा नियम प्रथम मोकळाच होता. ज्या यंत्रास जे सोयीचे ते त्याने करावे, असा १९८९ च्या प्रमाण-नियमांचा भाव होता. १९९९ च्या नियमांत तो शून्याकडे झुकणाऱ्या भागाकाराचा म्हणून पक्का झाला. तात्पर्य, एका चिन्हामागे दोन घराण्यांचे दोन कुळाचार आहेत, आणि चिन्हाकडे पाहून ते कळत नाहीत.

बरे, बाकी वजा तीन आली तरी पायथॉनने आमच्या पोरीस सांभाळून घेतले असते! तेथे यादीतील वजा तिसरी जागा म्हणजे शेवटून तिसरी. पाच घरांत शेवटून तिसरे घर ते बंदरावरचेच. आणि यादीबाहेरची जागा मागितली असती, तर पायथॉनने तेथल्या तेथे काम थांबवून चूक सांगितली असती. जावास्क्रिप्ट यांपैकी काहीच करीत नाही. नसलेली जागा मागितली की ‘अनडिफाइन्ड’ हा शब्द मुकाट्याने हाती ठेवते आणि पुढे चालू लागते. थोरले घर तेवढे वाचले, कारण पाचाने नि:शेष भाग गेला की बाकी शून्य. (बारकाईने पाहू गेल्यास ती तेथे ‘वजा शून्य’ नावाची एक अजब चीज असते, पण यादीतील जागा मागताना तिला शून्यच समजतात.) आमच्या अण्णांचा संशय, गणिताच्या दृष्टीने पाहता, अगदीच निराधार नव्हता. यंत्राने थोरल्या घरास खरोखरच झुकते माप दिले होते.

येथे आम्हांस स्वतःची एक जुनी फजिती आठवते. आम्ही विद्यार्थिदशेत पास्कल ही भाषा शिकलो. स्वित्झर्लंडचे निक्लाउस विर्थ यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेली. तीत एक बरोबरीचे चिन्ह म्हणजे ‘समान आहे काय?’ असा प्रश्न, आणि किंमत ठेवावयाची तर त्या चिन्हापूर्वी अपूर्णविराम. पुढे सी शिकावी लागली. तेथे एक बरोबरीचे चिन्ह म्हणजेच किंमत ठेवणे, आणि प्रश्न विचारावयाचा तर ते चिन्ह दोनदा. हे आम्ही पुस्तकात वाचले होते, परीक्षेत लिहिलेही होते. तरीही एका पतपेढीच्या खात्यांची यादी छापताना, ‘शिल्लक शून्य असेल तर ते खाते गाळावे’ असे लिहिताना सवयीने हात एकाच चिन्हावर थांबला. परिणाम असा की, प्रत्येक खात्याची शिल्लक यंत्राने शून्य करून टाकली, आणि गाळले एकही नाही. चारशेवर सभासद, सर्वांच्या नावापुढे शून्य! सुदैवाने ती प्रत तालमीची होती. चिटणीसांनी तो कागद आम्हांस पुढे कित्येक वर्षे दाखविला.

यावरून आमचे असे मत झाले आहे की, दुसरी भाषा शिकताना जे भेद डोळ्यांना दिसतात त्यांची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. पायथॉनमध्ये ओळी आत सरकवून आज्ञांचा गट दाखवितात, जावास्क्रिप्टमध्ये महिरपी कंसांत घालतात. हे अंगवळणी पडण्यास एक दिवस पुरतो, कारण चुकल्यास यंत्र बहुधा तत्काळ अडवते. तसेच काम पायरीपायरीने मांडणे, तेच ते काम एकदाच लिहून हवे तेथे बोलावणे, अटी घालणे, चूक हुडकणे ही जी खरी विद्या, ती पहिल्या भाषेबरोबरच येऊन चुकलेली असते. ती पुन्हा शिकावी लागत नाही. पुतणीचे चार दिवस हे काही थापेबाजी नव्हते. घात होतो तो दोन्हीकडे सारखे दिसणारे आणि निराळे वागणारे जे असते तेथे. आणि भाषा जितकी जवळची, तितक्या अशा जागा अधिक.

हे केवळ आमचे मत नव्हे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात अमेरिकेतील अभ्यासकांनी अठरा भाषांविषयी लोकांनी विचारलेले ४५० प्रश्न तपासले, तेव्हा आधीच्या भाषेवरून बांधलेला चुकीचा समज त्यांना २७६ ठिकाणी आढळला. त्याखेरीज त्यांनी सोळा व्यावसायिकांच्या मुलाखती घेतल्या. हे लोक अननुभवी नव्हते. उलट, अनुभवामुळेच ते नवी भाषा जुन्या भाषेशी ताडून पाहत शिकत होते, आणि ती रीत कधी तारी तर कधी मारी.

आमच्या परिचयाच्या एका भगिनी मुलांच्या संगोपनासाठी बारा वर्षे घरी होत्या. धाकटा शाळेत जाऊ लागल्यावर त्यांनी पुन्हा नोकरी धरली. त्यांस सी शार्प येत होती. मायक्रोसॉफ्टने २००० साली जाहीर केलेली ही भाषा जावाशी इतकी मिळतीजुळती आहे की, पानावर पाहून पुष्कळांस फरक सांगता येऊ नये. कचेरीत जावा होती. पहिल्याच महिन्यात त्यांनी दोन नावे सारखी आहेत की नाहीत हे दोन बरोबरीच्या चिन्हांनी विचारले. सी शार्पमध्ये नावांतील अक्षरे ताडून पाहिली जातात. जावामध्ये तोच प्रश्न विचारला असता ‘ही दोन्ही स्मृतीतील एकच वस्तू आहे काय?’ एवढेच पाहिले जाते. गंमत अशी की, ती नावे आज्ञावलीतच लिहिलेली असली तर उत्तर बहुधा बरोबर येते. बाहेरून टंकित होऊन आली की चुकते. त्यांच्या टेबलावर चाललेले काम ग्राहकाच्या टेबलावर चालेना. वरिष्ठ तरुण गृहस्थ सौजन्याने, पण सर्वांसमक्ष म्हणाले, “हे तर पहिल्या आठवड्यात शिकवतात.” त्या बाईंनी घरी येऊन कोणास काही सांगितले नाही, पुस्तकाचा तोच पहिला भाग, जो त्यांनी येतो म्हणून ओलांडला होता, रात्री भांडी आवरल्यावर काढून वाचला. आजही त्या तेथेच आहेत, आणि नव्याने येणाऱ्यांस हाच धडा प्रथम देतात.

पहिला भाग ओलांडण्याचा हा मोह फार मोठा असतो. ‘संख्या म्हणजे काय, यादी म्हणजे काय’ हे पुन्हा वाचावयास कंटाळा येतो, आणि फसवे भेद नेमके तेथेच बसलेले असतात. आम्ही पुतणीस सांगितले की, नव्याने आलेल्या मोठमोठ्या प्रकरणांचे राहू दे. जे तुला येते असे वाटते तेच प्रकरण काढ. प्रत्येक उदाहरण चालविण्यापूर्वी उत्तर काय येईल ते वहीत लिहून ठेव, आणि मग चालव. जेथे तुझे उत्तर आणि यंत्राचे उत्तर निराळे पडेल, तेवढेच शिकावयाचे आहे. डावीकडे पायथॉन, उजवीकडे जावास्क्रिप्ट अशी दोन रकान्यांची वही तिने त्याच रात्री घातली. पहाटेपर्यंत तीत अकरा नोंदी झाल्या होत्या, आणि त्यांतील दोन आमच्या उत्सवाच्याच आज्ञावलीत दबा धरून बसलेल्या निघाल्या.

एक नैवेद्याविषयीची. उत्सवाच्या प्रत्येक दिवसापुढे नैवेद्य करणाऱ्यांची यादी. ती रिकामी असल्यास ‘या दिवसास कोणी नाही’ अशी सूचना दिसावी, अशी योजना होती. पायथॉनमध्ये रिकामी यादी ‘नाही’ अशी गणली जाते. जावास्क्रिप्टमध्ये यादी रिकामी असली तरी ‘आहे’. एक डब्यात काय आहे ते पाहते, दुसरी फळीवर डबा आहे की नाही एवढेच पाहते. सूचना कधीच दिसली नसती, आणि पंचमीचा नैवेद्य तसाच राहिला असता. दुसरी वर्गणीची. २५१, ५०१, ११०० आणि २५०० या रकमा चढत्या क्रमाने लावावयास सांगितल्या असता जावास्क्रिप्टने ११००, २५००, २५१, ५०१ अशा लावल्या. कारण, निराळे काही न सांगितल्यास ती संख्यांस शब्द समजून कोशातल्याप्रमाणे पहिल्या अक्षरावरून लावते. पंचवीसशे देणारा अडीचशेच्या वर बसलेला पाहून अण्णा काय म्हणाले असते, याची कल्पनाच केलेली बरी!

पुतणीने एक प्रश्न विचारला तो नमूद करण्याजोगा आहे. ती म्हणाली, “हल्ली यंत्रच एका भाषेतून दुसऱ्या भाषेत काम उतरवून देते. त्याला सांगितले असते तर?” कदाचित त्याने बरोबर केलेही असते. परंतु २००० च्या मागली साले घालून पाहावी, हे कोणास तरी सुचावे लागते. तिने पायथॉनच्या वेळी ती घातली होती. दुसऱ्या वेळी घातली नाहीत, कारण हिशेब तोच म्हणून तपासणी झालेलीच आहे असे तिने धरले. अगदी परकी भाषा असती तर असे धरण्याचे तिच्या मनातही आले नसते. आम्ही स्वतः यंत्राकडून उतरवून घेण्याच्या विरुद्ध नाही. पण जिला दोन्ही भाषांतील ‘शिक्षा’ या शब्दाचे अर्थ ठाऊक नाहीत, तिने दुभाष्यावर किती विसंबावे, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

दुरुस्ती म्हणाल तर एका ओळीची होती. आलेल्या बाकीत पाच मिळवावे आणि पुन्हा पाचाने भागून बाकी घ्यावी. वजा तीन अधिक पाच म्हणजे दोन. दोनाची बाकी दोनच. धन बाकी असली तर मिळविलेले पाच पुन्हा भागून जातात आणि काही बिघडत नाही. तिने १९६५ पासूनची सारी साले पुन्हा चालविली, पायथॉनच्या यादीशेजारी ठेवून एकेक ताडली, आणि मगच निजली. तेव्हा देवळात काकडआरतीची तयारी सुरू झाली होती.

सकाळी ती स्वयंपाकघरात गेली. काकू मोदकांसाठी नारळ खवीत बसल्या होत्या. “आजी, चूक माझी होती. हे पाहा,” असे म्हणून तिने मोबाइल पुढे धरला. ‘१९८७ — बंदरावरचे घर.’ काकूंनी ओला हात पदरास पुसून चष्मा लावला, पाहिले आणि विचारले, “घराचेच येते का? करणाराचे नाव नाही येत?” नावे वहीतून वाळवीने नेली होती, हे तिने सांगितले. तेव्हा काकू म्हणाल्या, “वाळवीने नेली, माणसे आहेत ना अजून? तुझ्या आजोबांचे नाव तुला ठाऊक आहे. घाल तिथे.” स्वतः त्यांनी ते उच्चारले नाही. पोरीने तेथेच बसून ते टंकित केले आणि काकूंस मोठ्याने वाचून दाखविले. मग काकू पुन्हा नारळ खवू लागल्या.

थोड्या वेळाने मधल्या घरचे अण्णा दाराशी येऊन उभे राहिले. काल काय बोललो त्याविषयी त्यांनी अवाक्षर काढले नाही. म्हणाले, “शहाऐंशी साल काढ पाहू.” ‘मधले घर’ असे आले. “आमचे वडील,” अण्णा म्हणाले, आणि पाट ओढून बसले. दुपारच्या पानांपर्यंत चार घरचे वृद्ध त्या मोबाइलभोवती जमले होते, आणि १९६५ पर्यंतच्या बहुतेक सालांपुढे नावे लागली होती. १९७३ साली मात्र यंत्राच्या हिशेबाने वरच्या घराची पाळी येते. त्या वर्षी त्यांस सुतक होते आणि उत्सव धाकट्या घराने केला, असे धाकट्या घरचे म्हणतात. वरच्या घरास ते मान्य नाही. पुतणीने त्या सालापुढे तूर्त जागा कोरी ठेवली आहे.